टाकीतला गंज

रोह्याच्या एका भगिनीचा प्रश्न आहे. शोहर आखातात, सासऱ्यांची जुनी मोटारसायकल तीन पावसाळे पडवीत उभी. आता मुलगा पेणला कॉलेजात जाणार म्हणून गाडी बाहेर काढली, तर भिसे खिंडीच्या चढावर दोनदा बंद पडली. मेकॅनिकने झाकण उघडून बॅटरी मारली आणि सांगितले, टाकी आतून गंजली आहे, नवी घ्या. टाकी साफ होणारच नाही का?

बहुतेक वेळा होते. घाई केली नाही तर खर्चही थोडाच येतो.

आधी गंज का चढतो ते पाहू. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या भागात हवा असते आणि आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे अर्धे पाणीच. रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसते आणि तिथेच गंज सुरू होतो. पेणकडे खाडी आणि मिठागरे आहेत, तिथल्या खारट हवेत पत्र्याचे हाल अधिकच. चढावर गाडी हलते, तळाचे पाणी आणि तांबडा गाळ कॉकमधून कार्ब्युरेटरमध्ये उतरतो, जेटचे बारीक भोक बुजते आणि गाडी बसते. (उर्दू शिकवणारीला राहवत नाही म्हणून सांगते : मराठीतला गंज म्हणजे उर्दूतला ‘ज़ंग’, आणि उर्दूत ‘गंज’ म्हणजे खजिना! असा खजिना कुणाच्या टाकीत न निघो.)

आता काम. कॉक बंद करून टाकी गाडीवरून उतरवा, जुने पेट्रोल काढा. हे अंगणातच करायचे. चूल, बिडी, मोबाइलचा चार्जर, सगळे लांब. कॉक आणि असेल तर काट्याचा फ्लोट काढून ती भोके रबर लावून घट्ट बंद करा. मग कपड्याच्या पावडरचे गरम पाणी घालून टाकी दोन-तीनदा खळखळून धुवा. ही पायरी लोक गाळतात. आत पेट्रोलचा चिकट थर राहिला तर पुढचे आम्ल गंजापर्यंत पोहोचतच नाही.

पापुद्रे जाड असतील तर मूठभर नट टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा.

त्यानंतर साधा पांढरा सिरका टाकीत गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरली तर वरचा भाग तसाच राहतो. एवढा सिरका महाग वाटला तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घ्या. दहा लिटर गरम पाण्याला अर्धा ते एक किलो पुरते. चिंच आणि आमसूल तांब्या-पितळेला उत्तम, पण इथे नको. त्यांचा चोथा कॉकच्या जाळीत अडकेल. एक दिवस ठेवा, बॅटरी मारून पाहा, गरज वाटल्यास आणखी एक दिवस. आठवडाभर विसरू नका. गंज संपला की आम्ल पत्र्याकडे वळते. बाहेरच्या रंगावर ओघळ आला तर लगेच पुसा.

ओतून झाल्यावर पाण्यात खायचा सोडा कालवून टाकी विसळा, म्हणजे उरलेले आम्ल मरते. मग स्वच्छ पाणी, आणि लगेच वाळवणे. इथे खरी धावपळ आहे. उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो, म्हणून हे काम कडक उन्हाच्या दिवशीच काढा. कोरडी झाली की थोड्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून टाकीत सगळीकडे फिरवा आणि काढून टाका.

आता दोन गोष्टी ज्या कुणी कितीही सुचवल्या तरी करायच्या नाहीत. पहिली, संडास साफ करायचे ॲसिड. गंज झटपट जातो हे खरे, पण ते पत्राही खाते, शिवणीला बारीक भोके पाडते आणि मग पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकते. दुसरी त्याहून गंभीर. भोक पडलेली टाकी ‘रिकामीच आहे’ म्हणून वेल्डिंगला देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण जळते ती पेट्रोलची वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ व हवा दोन्ही असतात. ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते. एकदा धुतल्याने वाफ पूर्ण जाते असे नाही. शिवणीला भोके असतील तर मेकॅनिकचेच ऐका, टाकी बदला. पोराच्या जिवापुढे टाकीची किंमत काय?

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा इंधनाचा पंप टाकीतच असतो. त्यांना हा घरगुती उपाय करू नये.

पूर्वी सांगत, पावसाळ्यात टाकी भरून ठेवा. रोज चालणाऱ्या गाडीसाठी ते आजही बरोबर आहे. पण पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. म्हणून घरचा माणूस ईदला येऊन परत जाणार असेल आणि गाडी पुढची ईद येईपर्यंत उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून, आतून तेल फिरवून, झाकण घट्ट लावून ठेवणे बरे. कार्ब्युरेटरही रिकामा करा.

साफ केलेली टाकी बसवताना कॉकची जाळी नवी घाला आणि नळीत पारदर्शक फिल्टर लावा. पहिले पंधरा दिवस मुलाने रोज किक मारण्याआधी त्यात डोकवावे. तळाशी तांबडे दिसले तर फिल्टर बदलायचा, आणि तोवर खिंडीकडे जायचे नाही.