पाहुण्यांच्या बॅटवर महाराष्ट्राची भिस्त

द्रुतगती मार्गावरून लोणावळ्याकडे निघालेल्या पुणेकराला मावळ तालुक्यात शिरताच गहुंजेचे स्टेडियम दिसते. आंतरराष्ट्रीय सामना असला की या परिसरात वाहनांच्या रांगा लागतात. रणजी सामना असला तर मात्र सुमारे ३७ हजार आसनांच्या या वास्तूत संघटनेचे पदाधिकारी, निवड समितीचे सदस्य, राखीव खेळाडू आणि काही हौशी ज्येष्ठ नागरिक एवढेच काय ते प्रेक्षक. या रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळणाऱ्या महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीनदा अंतिम फेरीपर्यंत पोहोचून संघ रिकाम्या हाताने परतला. शेजारच्या मुंबईच्या खात्यावर ४२ विजेतेपदे आहेत आणि कालपरवापर्यंत खिजगणतीतही नसलेल्या विदर्भाकडे तीन.

हा अनुशेष भरून काढण्यासाठी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०२५च्या उन्हाळ्यात बाहेरचे दोन खेळाडू आणले. मुंबईकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन सलामीवीर पृथ्वी शॉ आला आणि केरळला रामराम ठोकून अष्टपैलू जलज सक्सेना. विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी त्याच्या आदल्याच हंगामात दाखल झाला होता. एका संघाला जास्तीत जास्त तीन पाहुणे खेळाडू घेता येतात. म्हणजे एवढ्यातच पंगत भरली. या तीन पानांवर कोणाला बसवायचे, हा प्रश्न प्रत्येक हंगामाअखेरीस नव्याने पुढे येतो आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

आधी पैशाचे बोलू. रणजी सामन्याचे शुल्क नियामक मंडळाकडून येते. २०२१-२२ पासून ठरलेल्या दरानुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या क्रिकेटपटूला दिवसाला ६० हजार रुपये मिळतात; २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून नवख्याला ४० हजार. साखळीतील सात सामन्यांचे २८ दिवस धरले, तर अनुभवी खेळाडूचे १६ लाख ८० हजार रुपये होतात. हे सर्वांना सारखेच. पाहुण्याला याखेरीज मानधन द्यावे लागते आणि ते जाते यजमान संघटनेच्या तिजोरीतून.

गहुंजेच्या तिजोरीचा इतिहास फारसा सुखाचा नाही. स्टेडियमचे उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी झाले. दोनशे कोटी रुपयांहून मोठ्या कराराच्या बदल्यात त्याला सुब्रत रॉय सहारा यांचे नाव दिले गेले. ठरलेली रक्कम पूर्णपणे आली नाही आणि ते नाव उतरवावे लागले. बांधकामासाठी काढलेले कर्ज थकले आणि २०१८ मध्ये बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. त्याच वर्षी खेळपट्टीच्या देखभालीसाठी पवना नदीचे पाणी वापरण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली. पवनेच्या पाण्यावरून मावळात काय घडले आहे, हे येथील वाचकांना सांगायला नको. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या सहा संघांच्या विक्रीतून पन्नास कोटींहून अधिक रकमेची हमी मिळाली, तेव्हा कुठे संघटनेला मोकळा श्वास घेता आला. अशा घराने पाहुण्यांना आवतण धाडताना दोनदा विचार करावा, ही अपेक्षा गैर नव्हे.

पाहुणे आणणे मुळातच चुकीचे, असा सूर पुण्याच्या क्लब क्रिकेटमध्ये नेहमी ऐकू येतो. तो पटण्यासारखा नाही. उलट उदाहरण पुण्यातच सापडते. ढाक्यातील १९९८च्या त्या चौकारामुळे घराघरांत पोहोचलेला हृषीकेश कानिटकर कारकिर्दीच्या उत्तरार्धात राजस्थानकडे पाहुणा म्हणून गेला. आकाश चोप्रा आणि रश्मीरंजन परिडा हे आणखी दोन परप्रांतीय फलंदाज त्याच्या जोडीला होते. तोवर प्लेट गटात चाचपडणाऱ्या राजस्थानने कानिटकरच्या नेतृत्वाखाली २०१०-११ आणि २०११-१२ असा सलग दोनदा करंडक उचलला. तिन्ही पाहुणे फलंदाज होते, कारण राजस्थानकडे दीपक चहर, पंकज सिंग असे गोलंदाज घरचेच होते. जे घरात होते त्यासाठी त्यांनी दमडीही खर्च केली नाही.

विदर्भानेही हेच केले. वसीम जाफर आणि गणेश सतीश या दोन अनुभवी फलंदाजांभोवती फैज फजलचा संघ उभा राहिला. दुखापतीमुळे एक हंगाम हुकलेला जाफर पुढच्या हंगामात मानधनाविना खेळला आणि विदर्भाने २०१७-१८चा करंडक जिंकला. दिल्लीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा गोलंदाज होता गुरबानी, घरचाच. पुढे करुण नायर आला. २०२४-२५ मध्ये ८६३ धावा करून, तिसरा करंडक मिळवून देऊन तो कर्नाटकात परतलाही. आणि २०२५-२६चा विजेता जम्मू-काश्मीर! या संघाला पहिल्यांदाच करंडक मिळाला तो मूळच्या हिमाचल प्रदेशच्या, चाळिशी ओलांडलेल्या पारस डोगराच्या नेतृत्वाखाली. गोलंदाजीचा भार वाहिला तो मात्र बारामुल्लाच्या आकिब नबीने.

या तिन्ही संघांनी पाहुण्याकडून एकच काम करून घेतले. घरात ज्याची उणीव आहे तेवढेच मागितले आणि बाकीचे घरच्यांवर सोपवले. हाच निकष महाराष्ट्राला लावून पाहिला तर २०२५च्या दोन निवडींचे मोल सारखे ठरत नाही.

पृथ्वी शॉच्या गुणवत्तेबद्दल दुमत नाही. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा, जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात याहून मोठी खेळी एकच आहे आणि ती महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकर यांची, पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये केलेली नाबाद ४४३. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये तंदुरुस्तीच्या कारणावरून मुंबईने शॉला वगळले आणि पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर एकही बोली लागली नाही. महाराष्ट्राने त्याला घेतले ते भाव पडलेला असताना. हा जुगार होता. मात्र स्वस्तातला जुगार म्हणून त्याचे समर्थन करता येते.

निकालही जुगाराला साजेसेच लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंजेतच मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा केल्या, अर्शिन कुलकर्णीबरोबर ३०५ धावांची सलामी दिली आणि बाद झाल्यावर जुन्या सहकाऱ्यांशी हुज्जतही घातली. आठवडाभराने तिरुअनंतपुरम येथे केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य. त्यानंतर चंदीगडविरुद्ध दुसऱ्या डावात १५६ चेंडूंत २२२ आणि महाराष्ट्राचा १४४ धावांनी विजय. इतक्या वेगाने द्विशतक करणारे फलंदाज रणजीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

प्रश्न वेगळाच आहे. महाराष्ट्राला सलामीवीराची चणचण होती का? ऋतुराज गायकवाड, राहुल त्रिपाठी, अर्शिन कुलकर्णी ही वरच्या फळीतील नावे याच मातीतली. ऋतुराज तर थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत, म्हणजे गहुंजेपासून हाकेच्या अंतरावर घडला. वरच्या तीन-चार क्रमांकांचे फलंदाज येथे दर दोन-तीन वर्षांनी तयार होतात. ऋतुराज देशासाठी किंवा भारत 'अ' संघासाठी गेला की फळी विस्कळीत होते, हे खरे. पण ती उणीव भरायला रांगेत उभी असलेली मुलेही आहेत आणि पाहुणा सलामीला आला की त्यांच्यातल्या एकाची रांग आणखी लांबते.

केरळविरुद्धच्या त्याच सामन्यात दुसऱ्या पाहुण्याचे मोल दिसले. महाराष्ट्राचा निम्मा संघ अवघ्या १८ धावांत परतला होता. आघाडीच्या चौघांना भोपळाही फोडता आला नव्हता. तेथून ऋतुराजने ९१ आणि जलज सक्सेनाने ४९ धावा करून सहाव्या जोडीसाठी १२२ धावा जोडल्या. धावसंख्या २३९ पर्यंत गेली आणि पहिल्या डावाची आघाडी मिळाली. अनिर्णित सामन्यात आघाडीचे तीन गुण मिळतात, पिछाडीवर पडलेल्याला एकच. बाद फेरीचे गणित अनेकदा याच दोन गुणांनी जुळते किंवा फसते.

सक्सेनाच्या नावावर रणजीमध्ये सहा हजार धावा आणि चारशे बळी आहेत. ही मजल मारणारा तो पहिलाच खेळाडू. भारताकडून खेळण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही, हे त्याचे दुर्दैव आणि त्याला बोलावणाऱ्या संघाचे सुदैव. राष्ट्रीय संघ किंवा आयपीएलची ओढाताण नसल्याने तो साती सामन्यांना हजर असतो. सातव्या क्रमांकावर टिकून फलंदाजी करणारा आणि दिवसभर एका टोकाकडून ऑफस्पिन टाकणारा असा खेळाडू महाराष्ट्राला गेल्या कित्येक वर्षांत घरात घडवता आलेला नाही.

येथे लोणावळ्याचा संबंध येतो. विकी ओस्तवाल हा डावखुरा फिरकीपटू मूळचा लोणावळ्याचा. तोही वेंगसरकर अकादमीचाच विद्यार्थी. २०२२ मध्ये भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला तेव्हा संघातर्फे सर्वाधिक १२ बळी त्याचे होते. त्यापैकी पाच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २८ धावांत. गहुंजेत भारताने गमावलेले दोन कसोटी सामने आठवा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने १२ बळी घेतले, २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. म्हणजे ज्या मैदानावर या जातीच्या गोलंदाजाने जागतिक दर्जाचे फलंदाज नाचवले, त्याच मैदानाच्या तालुक्यातून तसा गोलंदाज उभा राहिला आहे. त्याच्या डोक्यावर बाहेरचा डावखुरा फिरकीपटू आणून बसवला असता, तर तो शुद्ध करंटेपणा ठरला असता. संघटनेने तसे केले नाही. आणला तो ऑफस्पिनर, तोही फलंदाजी करणारा. चंदीगडविरुद्ध पहिल्या डावात प्रतिस्पर्धी २०९ धावांत आटोपले, त्यात सर्वाधिक बळी ओस्तवालचे होते. पाहुण्याने घरच्याची जागा न खाता त्याला जोड दिली. दोन निवडींपैकी ही निवड डोळसपणे झाली, असे म्हणावे लागेल.

तरीही बाद फेरीतील आठ संघांत महाराष्ट्र नव्हता. ब गटातून कर्नाटक आणि मध्य प्रदेश पुढे गेले. तीन पाहुणे घेऊनही साखळीतच गाशा गुंडाळावा लागला, तर 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' अशी टीका होणारच. पण एका हंगामाच्या निकालावरून सक्सेनाला पाहुणचार नाकारणे घाईचे होईल. विदर्भालाही जाफरच्या आगमनानंतर पहिल्याच वर्षी करंडक मिळाला नव्हता. अडचण वयाची आहे. डिसेंबर २०२६ मध्ये सक्सेना चाळीस वर्षांचा होतो. त्याच्यावर खर्च करायचा तर जोडीला विशीतला एखादा अष्टपैलू आतापासूनच त्याच्या हाताखाली द्यायला हवा, अन्यथा तो गेल्यावर तीच पोकळी पुन्हा विकत घेऊन भरावी लागेल.

मोठ्या नावामागे धावण्याचा धडा गहुंजेने यापूर्वीही गिरवलेला आहे. २०१७ मध्ये येथील आयपीएल संघाने, रायझिंग पुणे सुपरजायंटने, बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले. स्टोक्सने ३१६ धावा आणि १२ बळी अशी कामगिरी केली. पैसे वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच हंगामात ३९१ धावा करून संघाला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात सिंहाचा वाटा उचलणारा राहुल त्रिपाठी होता अवघ्या दहा लाखांचा. जयदेव उनाडकट तीस लाखांचा, त्याचे २४ बळी. त्रिपाठी महाराष्ट्राच्याच संघातला, गहुंजेतच सराव करणारा. त्याला हेरायला विमानाचे तिकीट लागले नाही.

महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ही पारख आणखी कठोरपणे होते. पहिल्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत २० लाख रुपये होते. कोल्हापूरने त्यातले सहा लाख एकट्या नौशाद शेखवर लावले. उरलेल्या चौदा लाखांत बाकीचा संघ बसवायचा, म्हणजे प्रत्येक हजाराचा हिशेब. रत्नागिरीने पहिल्या दोन्ही वर्षी विजेतेपद मिळवले. पहिले तर अंतिम सामना पावसाने धुऊन निघाल्यावर गुणतक्त्यातील वरच्या स्थानाच्या जोरावर. रणजी संघाच्या निवडकर्त्यांनी पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी या लीगच्या गुणपत्रिका समोर ठेवाव्यात. मधल्या फळीत दबावाखाली कोण टिकले, शेवटच्या षटकांत कोणी चेंडू हातात घेतला, हे तेथे फुकटात पाहायला मिळते. वीस षटकांचा खेळ आणि चार दिवसांचा खेळ यांत फरक आहे, हे मान्य. म्हणूनच नुसत्या धावा न पाहता सामन्याची परिस्थिती पाहायची.

२०१३-१४चा संघ आठवतो. केदार जाधवच्या १२२३ धावा, हर्षद खडीवाले, अंकित बावणे, विजय झोल, समद फल्लाह, श्रीकांत मुंढे. प्रशिक्षक सुरेंद्र भावे. प्रामुख्याने घरच्याच खेळाडूंच्या या संघाने वानखेडेवर मुंबईला हरवले आणि अंतिम फेरी गाठली. त्या संघात कमी पडला असेल तर कर्नाटकला रोखणारा एखादा जाणता हात. तेवढ्यासाठीच पाहुणा हवा असतो.

जूनमध्ये लोणावळ्यात पाऊस सुरू होतो आणि वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. घाटमाथ्यावरील मैदानांवर सप्टेंबरपर्यंत चेंडू टाकता येत नाही. कामशेत, वडगाव, तळेगावची मुले खांद्यावर किट घेऊन लोकलने चिंचवड गाठतात, ते तेथे छताखाली नेट मिळते म्हणून. एका पाहुण्याच्या मानधनाची रक्कम आणि तालुक्यात छताखालच्या दोन खेळपट्ट्या उभारण्याचा खर्च हे दोन आकडे संघटनेच्या बैठकीत एकदा एकाच कागदावर मांडले जावेत. तिसऱ्या पाहुण्याचा करार करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.