टपरीवरच्या चहाला पर्याय काय?

घरून काम करणाऱ्यांचे काम सहसा अडत नाही. आटतो तो एकमेकांतला वावर. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या ईमेल, कॉल आणि बैठकांच्या २०२० मधील पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मध्ये २०२१ साली आलेला निष्कर्ष असा, की घरून काम सुरू झाल्यावर दुसऱ्या गटांतील सहकाऱ्यांच्या वाट्याला येणारा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला. थेट बोलणे कमी झाले, लेखी निरोप वाढले.

लेखी निरोपाला आवाज नसतो. साहेबांचे नुसते ‘ओके’ आले, की ते रागाने की घाईने, या विचारात नवख्याची झोप उडते. टपरीवरच्या चहात ही शंका दोन मिनिटांत फिटली असती.

यावर कंपन्यांचा उतारा म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी कॅमेरा लावून सक्तीचे खेळ! ही आणखी एक बैठकच. त्यापेक्षा नवख्याला हक्काने फोन करता येईल असा, त्याच्या गटाबाहेरचा एक जुना सहकारी नेमून द्यावा. तो वेळ कामाच्या तासांत धरावा. वर्षातून दोनदा तरी सगळ्यांनी एका पंगतीला बसावे आणि प्रवासखर्च कंपनीने उचलावा. कार्यालयाचे भाडे वाचलेच आहे.