नर्सरीचं बिल संपलं, पुढे?

सप्टेंबरात धाकटी शाळेत जाणार, नर्सरीचं ६०० पौंडांचं बिल बंद होणार, म्हणजे महिन्याला तेवढे हातात राहणार, असा हिशेब मी फ्रीजवर चिकटवला होता. नवऱ्याचे कामाचे तास घटल्यापासून इथे ब्रिटनमध्ये आम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट ही सरकारी मदत मिळत होती. (इथल्या मराठी मंडळात हे कुणी मोठ्यानं सांगत नाही. मी सांगते.) त्यात नोकरी करणाऱ्या आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चाचे ८५ टक्क्यांपर्यंत मिळतात, ६०० चे ५१०. पण ठरावीक मर्यादेवरच्या पगारातल्या दर पौंडामागे एकूण मदतीतून ५५ पेन्स कापले जातात, त्यामुळे सगळं मिळून आमच्या खात्यात ४३० च यायचे. बिल थांबलं, मदतीच्या हिशेबातून ५१० वजा, उरलं शून्य. ६०० वाचले आणि ४३० गेले. फ्रीजवरच्या कागदावर खाडाखोड करून मी १७० लिहिलं.

यात अन्याय काही नाही. खर्चच नाही तर भरपाई कशाची? माझं भांडण वेगळं आहे. ऑक्टोबरची सुट्टी लागते, मग नाताळ, मग उन्हाळ्याचे सहा आठवडे, आणि ऑफिसला त्या सुट्ट्या नसतात. नोंदणीकृत हॉलिडे क्लबची फी नियमात बसते, मूल सोळा वर्षांचं झाल्यावर येणाऱ्या ऑगस्टअखेरीपर्यंत बसते. पण दावा शून्यावर येऊन बंद झालेला असला की पुन्हा अर्ज. आणि आजीनं घरी सांभाळलं तर? नात्यातल्या माणसानं मुलाच्याच घरी सांभाळलं, तर तो खर्च धरतच नाहीत.

तिकडे महाराष्ट्रात, हर्सूलला माझ्या भावाकडे हे बिल कधी सुरूच झालं नाही. वहिनी वाळूजच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस जळगाव रोडला यायची तेव्हा भाचा झोपलेलाच असायचा. गोधडीसकट तो वहिनीच्या खांद्यावरून माझ्या आईच्या मांडीवर. उन्हं वर आली की आई त्याला अंगणवाडीत सोडायची, खिचडी खाऊन झाली की परत घेऊन यायची. बाकीचे सगळे तास आईचे. तिच्या गुडघ्यांचे म्हणा.

कायदा नव्हता असं नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. पण पेंगुळलेलं पोर पहाटेच्या बसमध्ये घालून शहराच्या पार पलीकडे नेणार कोण? २०२२ पासूनची केंद्राची 'पाळणा' योजना घराजवळची सोय म्हणून बरी, पण ती सहा वर्षांपर्यंत. अंगणवाडीही सहा वर्षांपर्यंत. तुरुंगात कैदी आईजवळ मूल किती वर्षांपर्यंत राहू शकतं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे सहाच. आमच्या हर्सूलच्या जेललाही तोच नियम. सातव्या वर्षी पोर स्वतः कुलूप उघडून, वरण गरम करून जेवतं अशी सरकारची समजूत असावी.

माझं म्हणणं, मदत ना बिलाला बांधा ना वाढदिवसाला. ती तासांना बांधा. शाळा सुटल्यापासून आईवडील घरी पोचेपर्यंतचे तास. हर्सूलला त्यासाठी नवी इमारत नको, शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवा आणि तिथे बसणाऱ्या बाईला नीट पगार द्या. आणि ते तास आजी भरत असेल तर तिच्या नावावर काहीतरी जमा करा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०११ पासून नोकरी करणाऱ्या आईला न लागणारं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट, मूल बारा वर्षांचं होईपर्यंत, त्याला सांभाळणाऱ्या आजीच्या नावे करता येतं, अर्थात ती स्वतः पेन्शनच्या वयाची झालेली नसेल तर. रोख पैसे नाहीत, पण पेन्शनसाठी ते वर्ष मोजलं जातं. आपल्याकडे 'लाडकी बहीण' योजनेचे महिना १५०० रुपये वयाच्या ६५ पर्यंतच. नातवंडं सांभाळून कंबर धरायची वेळ येते तेव्हा बहीण यादीतून बाहेर.

भाचा आता सात वर्षांचा आहे. शाळा दुपारी सुटते, वहिनीची बस त्याच्या कितीतरी नंतर येते. त्याला आणायला अजून आईच जाते. परवा फोनवर सांगत होती, "दप्तर आता त्याचं तोच घेतो गं. चढावर मलाच हात देतो."