पासवर्ड कुणाचा?

घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावरचे फोटो उघडायला गेलं की विंडोज नाव आणि पासवर्ड मागतं. मग कुणीतरी जाणकार भाचा सुचवतो, "मामा, ते पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंदच करून टाका ना!"

मंडळी, या सल्ल्याला माझा सक्त विरोध आहे. कुलूप अडकतं म्हणून कुणी दारच काढून ठेवतं का? पाहुण्याला वायफाय दिलं की त्याचा लॅपटॉपही घरात आलाच की!

खरी गोची त्या चौकटीत आहे. पासवर्ड मागते, पण कुणाचा ते धड सांगत नाही. हवा असतो समोरच्या संगणकावरचा. आपण टंकत बसतो आपला. रोजचा पिन तर तिथे चालतच नाही, आणि बिनपासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून सहसा आत घेतच नाहीत. एका पासवर्डात घर जोडणारा, विंडोज ७ पासूनचा होमग्रुप २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकला. (का, ते देव जाणे.)

असो. फोटो असलेल्या संगणकावर एक वेगळं खातं काढा, पासवर्डासकट. फोल्डर त्याला फक्त वाचण्यापुरता द्या. चौकटीत आधी त्या संगणकाचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव. आणि 'लक्षात ठेवा'वर टिचकी मारायला विसरू नका.