‘भरोस’ला जुन्नर-आंबेगावात ग्राहक मिळेल का?

- आमच्या प्रतिनिधीकडून

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या महाकाय तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. परिसरात दूरवर पसरलेल्या अशा ३० अँटेनांची मिळून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बनली आहे. या अँटेनांकडून येणारे संकेत जुळविण्यासाठी येथील शास्त्रज्ञांनी बाजारात सहज मिळणारे संगणक आणि लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली वापरून स्वतःची यंत्रणा उभारली. कोणत्याही कंपनीच्या परवान्याची वाट पाहावी लागली नाही. ‘ओपन सोर्स’ या संकल्पनेचे याहून चांगले उदाहरण पुणे जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही.

खोडदहून नारायणगावच्या टोमॅटो बाजारात येईपर्यंत मात्र चित्र पालटते. तेथे शेतकरी, आडते, हमाल आणि टेम्पोचालक अशा सर्वांच्याच हातात स्मार्टफोन आहे. भारतातील सुमारे ९५ टक्के स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि हा बाजार त्याला अपवाद नाही. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच आहे. परंतु त्यावरील दाराची किल्ली गुगलकडे आहे. हे दार ओलांडून एखादी नवी, मुक्तस्रोत, त्यातही स्वदेशी कार्यप्रणाली या बाजारापर्यंत पोहोचू शकेल का, हा प्रश्न ‘भरोस’च्या निमित्ताने पुढे आला आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा सातबाऱ्याच्या उताऱ्यात अधिक दडलेले आहे.

घोषणा मोठी, ग्राहक मर्यादित

‘आयआयटी मद्रास’च्या प्रवर्तक फाउंडेशनच्या आश्रयाने वाढलेल्या जेअँडके ऑपरेशन्स या कंपनीने ‘भरोस’ विकसित केली. जानेवारी २०२३ मध्ये तिची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्री धर्मेंद्र प्रधान व अश्विनी वैष्णव यांनी तिची चाचणी घेतली. देशातील १०० कोटी मोबाइलधारकांना तिचा लाभ होऊ शकेल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. फोनमध्ये आधीपासून कोणतेही अॅप लादलेले नसणे, विश्वासार्ह ठरविलेल्या दालनांतूनच अॅप घेता येणे आणि सुधारणा आपोआप उतरणे ही तिची वैशिष्ट्ये.

तथापि, गोपनीयतेची कडक गरज असलेल्या निवडक संस्थांना ही सेवा दिली जात असल्याचेही त्याच घोषणेत नमूद होते. म्हणजे पहिला ग्राहक हा दुकानात जाऊन फोन विकत घेणारा सामान्य माणूस नव्हताच. या एका वाक्याकडे त्या वेळच्या जल्लोषात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आधीच्यांचे काय झाले?

स्वस्त आणि मुक्त फोनचा प्रयोग भारतीय बाजाराला नवा नाही. मोझिलाची ‘फायरफॉक्स ओएस’ २०१४ मध्ये इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनवर भारतात आली. किंमत आकर्षक होती. मात्र फोनची स्मृती अवघी १२८ मेगाबाइट होती आणि व्हॉट्सअॅपची अधिकृत आवृत्ती त्यावर नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने या फोनमधून माघार घेत असल्याचे जाहीर केले. सॅमसंगचा ‘टायझेन’वर आधारित झेड-१ जानेवारी २०१५ मध्ये ५,७०० रुपयांत बाजारात आला. तोही पुढे मागे पडला.

याच फायरफॉक्स ओएसच्या अवशेषांतून ‘कायओएस’ उभी राहिली आणि २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने घराघरांत पोहोचली. १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर हा फोन मिळत होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअॅप आले. जिओने पुढे दहा कोटींहून अधिक जिओफोन ग्राहकांचा दावा केला. ग्राहकाने येथे कार्यप्रणाली निवडली नव्हती; त्याने स्वस्त इंटरनेट निवडले होते आणि कार्यप्रणाली त्यासोबत आली. व्हॉट्सअॅपने जून २०२४ मध्ये कायओएसवर नव्याने अॅप उतरवून घेणे बंद केले आणि २०२५ च्या सुरुवातीला असलेल्या ग्राहकांचा आधारही काढून घेतला. ज्या अॅपमुळे फोन रुजला, त्याच अॅपने पाठ फिरविली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने ‘इंडस ओएस’चा अनुभव अधिक बोलका आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडच्याच पायावर ही प्रणाली उभारली. मराठीसह भारतीय भाषांत टंकलेखन, भाषांतर आणि भाषिक अॅपदालन हे तिचे बळ होते. मायक्रोमॅक्ससारख्या कंपनीच्या फोनवर ती आधीच बसविलेली असल्याने, एका टप्प्यावर बाजार-पाहणीत तिने भारतात आयफोनच्या आयओएसलाही मागे टाकले. मात्र चिनी कंपन्यांच्या फोनची लाट आल्यावर भारतीय फोन कंपन्या मागे पडल्या आणि त्यांच्यासोबत ही प्रणालीही. तिचा वारसा उरला तो अॅपदालनाच्या रूपात. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस अॅपस्टोअर’ सुरू केले, ते १२ भारतीय भाषांत.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. उत्तम भाषा, कमी किंमत किंवा मुक्त स्रोत यांपैकी कोणताही एक गुण पुरेसा ठरलेला नाही. फोन हातात आल्यावर त्यावर रोजचे काम होते की नाही, हीच खरी कसोटी ठरली.

शेतकऱ्याचे ‘रोजचे काम’ कोणते?

शहरी वाचकाला रोजचे काम म्हटले, की टॅक्सी, जेवण मागविणे आणि समाजमाध्यमे आठवतात. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात चित्र वेगळे आहे. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर व मंचरचा कांदा यांचे भाव येथे दिवसागणिक बदलतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्यानंतर काही महिन्यांतच भाव कोसळले. अशा बाजारात आजचा भाव आजच कळणे याला मोल आहे आणि तो कळतो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. शिवारात बिबट्या दिसल्याची खबरही त्याच मार्गाने गावात पसरते.

याहून महत्त्वाची बाब सरकारी अॅपची आहे. पूर्वी तलाठी शिवारात जाऊन पिकांची नोंद करीत असे. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू केली आणि ही जबाबदारी शेतकऱ्याकडे आली. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे, स्थान नोंदवायचे आणि माहिती पाठवायची. ही नोंद सातबाऱ्यावर येते. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदी अशा अनेक बाबी तिच्यावर अवलंबून असतात. हे अॅप घ्यायचे, तर शेतकऱ्याला गुगलच्या प्ले स्टोअरचा रस्ता दाखविला जातो.

पीएम-किसान योजनेचे उदाहरण असेच आहे. जून २०२३ मध्ये या योजनेच्या मोबाइल अॅपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय झाली. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्ध शेतकऱ्यांसाठी ती उपयुक्त आहे. त्यासाठीही प्ले स्टोअरवरील अॅप लागते. बँकांचे व्यवहार तर याहून कडक. गुगलच्या प्रमाणीकरणाच्या कसोटीला न उतरणाऱ्या फोनवर अनेक बँकांची अॅप सुरू होण्यासच नकार देतात.

घोडेगावच्या पश्चिमेस, डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या डोंगररांगांत आदिवासी वाड्या आहेत. तेथील कुटुंबाने उद्या गोपनीयता जपणारा, मुक्तस्रोत प्रणालीचा फोन घेतला, तर त्याला काय मिळेल? गुगलच्या नजरेपासून मुक्तता मिळेल. मात्र पीकनोंदीसाठी त्याला शेजाऱ्याचा अँड्रॉइड फोन उसना मागावा लागेल. असा सौदा कोणताही शहाणा माणूस करणार नाही. ‘लोकांना गोपनीयतेची पर्वा नाही’ असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे ठरेल. पर्वा असली, तरी तिची किंमत कोणत्या चलनात मोजायची, हा प्रश्न त्याच्यापुढे आहे.

अडचण तंत्राची कमी, परवानगीची अधिक

येथे एक फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. फायरफॉक्स ओएससाठी प्रत्येक अॅप नव्याने लिहावे लागत होते. ‘भरोस’सारखी प्रणाली अँड्रॉइडच्या मुक्त पायावर उभी असल्याने, त्यासाठी लिहिलेले अॅप तिच्यावर चालविणे तांत्रिकदृष्ट्या तुलनेने सोपे आहे. अडथळा दोन ठिकाणी येतो. अनेक अॅप नकाशा, सूचना यांसारख्या कामांसाठी गुगलच्या ‘प्ले सर्व्हिसेस’वर विसंबलेली असतात आणि ती अधिकृतपणे मिळण्याचे ठिकाणही एकच असते. म्हणजे कुलूप तंत्राचे कमी आणि व्यवस्थेचे अधिक आहे.

हे कुलूप उघडण्याचा एक प्रयत्न कायद्याच्या मार्गाने झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावून दहा निर्देश दिले. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने अँड्रॉइडच्या वेगळ्या शाखा काढू इच्छिणाऱ्या उत्पादकांसाठी भारतातील अटी बदलत असल्याचे जाहीर केले. अपील लवादाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. मात्र दहापैकी चार निर्देश रद्द केले. त्यांत इतर अॅपदालनांना प्ले स्टोअरमधून वाटप करू देण्याचा आणि प्ले सर्व्हिसेसची द्वारे नाकारू नयेत, असा निर्देशही होता. नव्या प्रणालीला ज्यांचा सर्वाधिक उपयोग झाला असता, नेमक्या त्याच बाबी वगळल्या गेल्या.

जेथे रुजले, तेथे का रुजले?

मुक्तस्रोत प्रणाली सामान्यांपर्यंत पोहोचतच नाही, असेही नाही. केरळने शालेय संगणक शिक्षणात लिनक्स स्वीकारून ती राज्यभरातील सरकारी शाळांत नेली. यश मिळाले, कारण शिक्षकांना प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि दुरुस्तीची व्यवस्था सोबत होती. विद्यार्थ्यावर प्रणाली ‘निवडण्याचा’ भार नव्हता. खोडदच्या दुर्बिणीतही हेच सूत्र दिसते. निर्णय संस्थेने घेतला आणि तो निभावण्याची जबाबदारीही संस्थेने उचलली.

महाराष्ट्रात अशी संधी कोठे आहे? ती अंगणवाडीत आहे. पोषण आहाराच्या नोंदींसाठी सेविकांना सरकारनेच मोबाइल दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची अपुरी क्षमता आणि इंग्रजीतील ‘पोषण ट्रॅकर’ अॅप या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. फोन सरकार विकत घेते, अॅप सरकार लिहून घेते आणि वापरणारी सेविका सरकारची मानधनी कार्यकर्ती असते. हलकी, मराठीत बोलणारी आणि वर्षानुवर्षे सुधारणा पुरविणारी प्रणाली आणायची, तर याहून योग्य जागा दुसरी नाही. बालकांची वजने व कुटुंबांचे तपशील ज्या फोनमध्ये आहेत, तेथे गोपनीयतेचा मुद्दाही पुस्तकी राहत नाही.

किल्ली सरकारच्याच खिशात

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामकाजासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. सी-डॅकने विकसित केलेले ‘एमसेवा अॅपस्टोअर’ हे सरकारचे स्वतःचे अॅपदालनही अस्तित्वात आहे. धोरण आहे, दालन आहे आणि आता प्रणालीही आहे. उणीव आहे ती या तिन्हींना जोडणाऱ्या एका साध्या नियमाची. ज्या अॅपशिवाय नागरिकाला सरकारी हक्क मिळू शकत नाही, ते अॅप केवळ एका खासगी कंपनीच्या दालनावर अवलंबून असता कामा नये. ते सरकारी दालनातही मिळावे, प्ले सर्व्हिसेसविना चालावे आणि शक्य तेथे तेच काम साध्या ब्राउझरमधूनही करता यावे.

सुरक्षिततेचा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. कोठूनही अॅप उतरविण्याची सवय लागली, तर बनावट अॅपवाल्यांचे फावेल. सरकारी योजनांच्या नावाने आलेल्या फसव्या फायलींनी अनेकांची खाती रिकामी केली आहेत. परंतु यावरचा उपाय एकच दार ठेवणे हा नसून, दुसरे दार तितकेच भक्कम करणे हा आहे. सरकारी दालनावर कडक तपासणी आणि स्वाक्षरीची व्यवस्था उभारणे अशक्य नाही. बँकांच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँक व एनपीसीआय यांना नव्या प्रणालींसाठी प्रमाणनाची स्वतंत्र कसोटी ठरवावी लागेल. हे काम वेळखाऊ आहे. पण त्याखेरीज यूपीआय नाही आणि यूपीआयखेरीज आज कोणताही फोन विकला जाणार नाही.

तेव्हा ‘भरोस’ला जुन्नर-आंबेगावात ग्राहक मिळेल का, या प्रश्नाचे आजचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. मात्र हे उत्तर कायमचे नाही आणि ते बदलणे चेन्नईतील अभियंत्यांपेक्षा मुंबई व दिल्लीतील मंत्रालयांच्या हाती अधिक आहे. स्वदेशी प्रणालीच्या चाचणीचे छायाचित्र काढून घेणे सोपे असते. मंचरच्या शेतकऱ्याला प्ले स्टोअरविना आपल्या कांद्याची नोंद सातबाऱ्यावर करता येईल, त्या दिवशी स्वदेशीची घोषणा गंभीरपणे केली होती, असे मानता येईल.