संडासातला उचलता दांडा



उसाच्या बेण्यावर आणि सोयाबीनच्या वाणांवर या सदरात पुष्कळ लिहून झाले. आजचा विषय निराळा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संडासात नीट बसता-उठता येते का, हे आपण कधी विचारतो? ती आपणहून सांगत नाहीत. पाणी कमी पितात, रात्रीचे जेवण टाळतात.

आमच्या आईचे असेच झाले. गुडघे गेलेले, त्यात उजवी बाजू लकव्याने अधू. मी गडहिंग्लजच्या बाजारातून भिंतीला बसवायचा, वर उचलून ठेवता येणारा दांडा आणला आणि प्लॅस्टिकच्या गुल्ल्या ठोकून स्वतःच स्क्रू पिळले. चौथ्या दिवशी आई त्यावर भार देऊन उठायला गेली आणि दांडा गिलाव्यासकट तिच्या हातात आला. मागे कमोड होता म्हणून ती त्यावरच बसली. खुब्याचे हाड वाचले.

दांड्यात खोट नव्हती, चूक माझी. पहारीने दगड उचलणाऱ्याला हे सांगायला नको. दांडा भिंतीतून दोन फूट पुढे आलेला असतो. टोकावर 60 किलोचा भार पडला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत 8 इंचांचे अंतर असले, तर वरच्या बोल्टांवर 180 किलोची ओढ बसते! परड्यातल्या संडासाची भिंत बहुधा चार इंची. तिथे गुल्ली काय टिकणार? भिंतीतून आरपार बोल्ट घ्यावेत आणि बाहेरच्या अंगाला जाड लोखंडी पट्टी घालून नट आवळावेत. भिंत मातीची असेल तर तिचा नाद सोडा. जमिनीत काँक्रीट करून लोखंडी खांब उभा करा व दांडा त्याला जोडा. वेल्डिंगवाल्याकडून टोकाला जमिनीवर टेकणारा पाय करून घेतलात तर फारच उत्तम. पाईप सव्वा इंची जीआय घ्यावा, मुठीत नीट बसतो.

मग कायमचाच दांडा का नको? तर आपले संडास अडचणीचे. आजाऱ्याला धरून बसवणाऱ्याला बाजूला उभे राहायला जागा लागते. दांडा वर केला की ती मिळते. मात्र वर केल्यावर अडकून राहील असा खटका हवा, नाहीतर डोक्यात बसायचा.

कमोडची बैठक साधारण 18 इंच उंच असते, दांडा तिच्यावर 8 इंच. पण भोके पाडण्याआधी त्या माणसाला बसवून, हात ठेवायला लावून खडूने खूण करा. लकवा असल्यास दांडा चांगल्या हाताकडे हवा. मी आधी तोही उजवीकडे लावला होता!

खाली बसायचे भांडे असेल तर त्यावर कमोड खुर्ची ठेवता येते. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी 3000 रुपयांची तरतूद केली गेली. ग्रामपंचायतीनेही स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत विचारा, लाजू नका.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करून घ्या. आत माणूस पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

आणि दांडा बसवल्यावर आधी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने टोकावर भार देऊन पाहावे. आमच्याकडे ते काम माझ्याच वाट्याला आले.