पोरांच्या केसांना हात लावू नका

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत शिक्षकांची सभा झाली. पत्रिकेवर सहा विषय होते. पटसंख्या, पोषण आहाराचा तांदूळ, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्वच्छतागृहाचा नळ, गणिताच्या शिक्षकाची रिकामी जागा आणि सहावा, मुलांचे केस. पहिले पाच विषय वीस मिनिटांत उरकले. सहाव्यावर पाऊण तास चर्चा झाली. ठरावाचा मसुदा असा की, 'फेड' कट मारून आलेल्या मुलाला वर्गात बसू द्यायचे नाही आणि शाळेने एक केस कापायचे मशीन विकत घेऊन शिपायाच्या ताब्यात ठेवायचे. गणिताची जागा दोन वर्षे रिकामी आहे. त्यावर कुणाला पाऊण तास बोलावेसे वाटले नाही.

त्याच आठवड्यात जुम्याच्या बयानातही हाच विषय निघाला. हे केस काफिरांचे, खेळाडूंचे, गुंडांचे. नौजवान बिघडला आहे. पहिल्या सफेत बसलेले बुजुर्ग माना डोलावत होते आणि मागे, चपलांजवळ, तेच नौजवान टोप्या कानापर्यंत ओढून बसले होते. मला तेव्हा वाटले ते सांगतो. ही पोरे निदान मशिदीत आली होती. पुढच्या जुम्याला त्यातली किती येतील, हा हिशेब मिम्बरवरून कुणी केला का?

आता मुळात हा फेड आहे तरी काय? कानाजवळ आणि मानेवर केस अगदी बारीक, वर जाताना हळूहळू वाढत जाणारे आणि डोक्यावर दोन-तीन इंच. बारीककडून लांबकडे जाताना मध्ये कुठे रेघ दिसू नये, यातच कारागिरी. बारीक भाग कानाच्या वरच संपला तर लो फेड, कपाळाच्या बाजूपर्यंत चढला तर मिड, त्याहून वर गेला तर हाय. बाजू वस्तऱ्याने गुळगुळीत केली की स्किन फेड. आमचे एक ज्येष्ठ सहकारी सभेत म्हणाले, "पोरांनी सरळ मिल्ट्री कट मारावा, विषय संपला." त्यांना कसे सांगावे? बाजूने बारीक, वर थोडे जास्त, ही ठेवण अमेरिकन फौजेच्याच कटिंगमधली. पुढे तिथल्या काळ्या वस्त्यांतल्या न्हाव्यांनी तिला नजाकत आणली, १९८० च्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी ती मिरवली आणि मग फुटबॉलपटूंच्या डोक्यांवरून ती आमच्या विजापूर वेशीपर्यंत पोचली. म्हणजे सर ज्याला शिस्त म्हणतात आणि ज्याला बदफैली म्हणतात, त्या दोन्हींत मशीनच्या एका नंबराचे अंतर आहे.

दीनचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. हदीस आहे, सही बुखारीत आणि सही मुस्लिममध्ये आहे, हजरत अब्दुल्ला इब्न उमर (रजि.) यांच्या रिवायतीने. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'कज़अ' करण्यास मनाई केली. कज़अ म्हणजे काय, तेही रिवायतीतच सांगितले आहे: मुलाच्या डोक्याचा काही भाग मुंडायचा आणि काही भाग तसाच ठेवायचा. अबू दाऊदमधल्या रिवायतीत असा एक मुलगा प्रेषितांना दिसला, तेव्हा त्यांनी सांगितले की सगळे मुंडा किंवा सगळे राहू द्या. शब्द मुंडण्याचा आहे. इमाम नववींनी लिहिले आहे की उलेमांनी याला मकरूह मानले. आता तीन नंबरच्या मशीनने बाजूचे केस दहा मिलिमीटरवर आणले तर ते मुंडणे झाले का? माझ्या अल्प समजेप्रमाणे नाही. काही उलेमा अशा लहान-मोठ्या कापणीलाही नापसंत करतात, त्यांचे मत मी आदराने ऐकतो. पण वस्तरा फिरवलेला स्किन फेड आणि कात्री-मशीनचा साधा लो फेड यांना एकाच काठीने हाकायचे, मकरूहला हराम म्हणायचे आणि वर पोराला गुंड म्हणायचे, याला इल्म म्हणत नाहीत.

आणि याच किताबांत जे दुसरे आहे, ते बयानात का येत नाही? हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषितांचे केस अगदी सरळही नव्हते आणि फार कुरळेही नव्हते. म्हणजे आजची पोरे ज्याला 'वेव्ही' म्हणतात, तसे. ते कान आणि खांद्यांच्या दरम्यान रुळत. एतिकाफमध्ये असताना ते मशिदीतून डोके पुढे करत आणि हजरत आयेशा (रजि.) त्यांचे केस विंचरून देत. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, अशी शिकवण आहे. विस्कटलेल्या केसांचा माणूस पाहून, याला केस बसवायला काही मिळाले नाही का, असे त्यांनी विचारल्याचीही रिवायत आहे. रोज रोज विंचरत बसण्यालाही मनाई आहे, तेही सांगतो, म्हणजे मी सोयीचे तेवढेच उचलतो असे कुणी म्हणू नये. पण या सगळ्यात आरसा पाहणाऱ्या पोराचा तिरस्कार मला कुठे सापडला नाही.

हे मी आज लिहितो आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी वेगळा होतो. बी.एड. होऊन नोकरीला लागून थोडीच वर्षे झाली होती आणि वर्गावर वचक बसवायची घाई होती. आठवीतला एक मुलगा. केस दाट, लाटांचे, कपाळावर येणारे. प्रार्थनेच्या वेळी त्याला पुढे बोलावले आणि ऑफिसातल्या कागद कापायच्या कात्रीने मी स्वतः त्याच्या पुढच्या केसांचा एक झुपका कापला. मुले हसली. मीही हसलो असेन. तो दोन आठवडे टोपी घालून आला, मग यायचा बंद झाला. हजेरीपटावर मीच 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला. नंतर एकदा तो मंडईत भेटला, कुणाचा तरी हातगाडा ढकलत होता. त्याने थांबून सलाम केला, "कसे आहात सर?" म्हणाला. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. त्याच्या शाळा सोडण्याला घरची गरिबी कारण होती, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. गरिबी होतीच. ती केस कापण्याच्या आधीही होती आणि तेव्हा तो शाळेत येत होता.

म्हणून या वेळी माझ्या दहावीतल्या मुलाने फेड हवा म्हटले, तेव्हा मी त्याच्याबरोबर सलूनमध्ये गेलो. त्याचे केस त्याच्या नानांचे, धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत. आजवर मी ते तेल लावून चप्प बसवायला लावत होतो. कारागीर तिशीतला होता. त्याने आधी पाणी मारलेच नाही. कोरड्या केसांत बोटे घालून लाट कुठे वळते ते पाहिले, मागचा भोवरा शोधला आणि म्हणाला, "सर, लहरवाले बाल है. इनको दबाते नै, चलने देते." मी म्हटले, झिरो नको, वस्तरा नको. तो म्हणाला, "हौ, दोन नंबरच्या खाली जात नाही." मग कानाजवळ दोन नंबर, म्हणजे सहा मिलिमीटर, त्यावर तीन, मग चार आणि दोन नंबरांमधली रेघ मशीनची कळ वरखाली करत, शेवटी कंगव्यावर कात्री चालवत पुसून टाकली. वरचे केस त्याने बेताने कापले. असे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, त्यामुळे ओल्यावर मनासारखे कापले तर घरी जाईपर्यंत आखूड होतात. पातळ करायची दातेरी कात्री तर त्याने उचललीच नाही. तिने लाट तुटते आणि केस पिंजल्यासारखे उभे राहतात, म्हणे. पाऊण तास लागला, दीडशे रुपये झाले.

घरी काय करायचे तेही त्यानेच सांगितले, आणि पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहितो, कारण तुम्ही भलभलत्या जेलवर पैसे घालवता. रोज शाम्पू नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती बनियनने दाबून पाणी टिपा. कंगवा ओल्या केसांतच, मोठ्या दातांचा, वाळल्यावर फक्त बोटे. वाटाण्याएवढे क्रीम तळहातावर चोळून टोकांना लावायचे आणि केस मुठीत धरून वर दाबायचे, लाट आपोआप बसते. कडक जेलने ती पत्र्यासारखी होते. आणि कानाजवळची सफाई तीन आठवड्यांत वाढून जाते, तेव्हा हा महिन्याचा खर्च आहे, हे कट मारण्याआधीच घरी बोला. अब्बा रिक्षा चालवत असतील तर दोन महिन्यांनी मारा. वाढलेला लो फेडही वाईट दिसत नाही.

त्या कारागिराला मी "उस्ताद" म्हटले, तर तो चमकून बघायला लागला. त्याला 'हज्जाम' ऐकायची सवय. आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात, लग्न जमवताना तर हमखास. मसावातचे बयान ऐकून आलेले लोकच वापरतात. हज्जतुल विदाच्या वेळी मिना येथे प्रेषितांनी आधी उजवी बाजू पुढे करून डोके मुंडवून घेतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी मुंडले त्यांचे नाव मअमर बिन अब्दुल्ला (रजि.) असे नोंदले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि याच महाराष्ट्रात १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवले की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनी नको असलेले केशवपन नाकारले. आम्ही पगारदार शिक्षक मात्र शाळेच्या खर्चाने मशीन आणायला निघालो आहोत.

सभेत माझ्यावर आलेला आक्षेप असा: "सर, पोरे अभ्यास सोडून आरशासमोर उभी राहतात, तुम्ही त्यांना चढवता." आरशासमोर मीही उभा राहायचो, मिथुनसारखा भांग पाडायला. अभ्यास त्याने बुडला नाही, गणिताला शिक्षक नसल्याने बुडतो. दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो मला जास्त लागतो. ते म्हणतात, आपल्या पोरांकडे आधीच वाकड्या नजरेने बघतात, नाक्यावर आधी त्यांनाच थांबवतात, मग अशा केसांनी आणखी लक्ष कशाला ओढून घ्यायचे? ही भीती खोटी नाही. माझ्या बायकोनेही मुलाला दारातून पाहिले तेव्हा हेच म्हटले. पण त्याच गल्लीबाहेरच्या कॉलनीतली मुले हाच कट मारून कॉलेजात जातात, तेव्हा ती 'स्मार्ट' असतात. त्या नजरेला आपण आपल्याच शाळेत, आपल्याच हाताने पोरांच्या डोक्यावर मशीन फिरवून मान्यता द्यायची का? शिवाय भांग सरळ पाडला म्हणून ती नजर सरळ झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

कायद्याचे एवढेच. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. मुलाला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळही नाही. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे. पण नववी-दहावीच्या पोराचे वय उलटले म्हणून कात्री हलाल होते, असे कुणी म्हणू नये. केस नीटनेटके ठेवा, डोळ्यांवर येऊ देऊ नका, एवढा नियम शाळेने जरूर करावा. तो मोडला तर घरी चिठ्ठी पाठवावी.

शनिवारी पुन्हा सभा आहे. ठरावावर सही करणार नाही, हे मी मुख्याध्यापकांना लेखी दिले आहे आणि मशीनऐवजी गणिताच्या तासिकेला मानधनावर कुणी मिळते का पाहावे, असा विषय मांडला आहे. मशीनची दोन कोटेशने फायलीला लागली आहेत. मुलगा त्याच केसांनी शाळेत जातो आहे. वर्गशिक्षिकेने त्याला अजून तरी काही म्हटलेले नाही.